विठ्ठल नागेश शिरोडकर

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (२७ एप्रिल १८९९ – ७ मार्च १९७१) हे भारतीय प्रसूतितज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि वैद्यकशास्त्राचे अध्यापक होते. गर्भाशयाचे मुख अकाली उघडल्यामुळे होणारा गर्भपात टाळण्यासाठी त्यांनी शोधलेली शस्त्रक्रिया जगभर 'शिरोडकर टाका' या नावाने ओळखली जाते.

जन्म आणि शिक्षण

शिरोडकरांचा जन्म गोव्यातील शिरोडा या गावी झाला. त्या वेळी गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. गावावरूनच घराण्याला हे आडनाव मिळाले. फोंडे तालुक्यातील हे शिरोडा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्याजवळचे शिरोडे ही दोन वेगळी गावे आहेत. शिरोडकरांचे शालेय शिक्षण हुबळी येथे झाले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते १९२३ मध्ये वैद्यकीय पदवीधर झाले. १९२७ मध्ये त्यांनी प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्र या विषयात एम.डी. ही पदवी मिळवली. पुढे ते इंग्लंडला गेले आणि १९३१ मध्ये एफ.आर.सी.एस. होऊन परतले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्राध्यापक म्हणून काम केले.

शिरोडकर टाका

काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान पुन्हा पुन्हा पडतो. बाळात दोष नसतो आणि आईलाही दुसरा आजार नसतो. कळा न येताच गर्भाशयाचे मुख उघडते आणि वाढत्या गर्भाचा भार त्याला पेलवत नाही. पूर्ण विश्रांती आणि औषधे एवढाच उपाय त्या काळी केला जाई व तो बहुधा निष्फळ ठरे. अपत्यहीन स्त्रीला समाजात सोसाव्या लागणाऱ्या अवहेलनेमुळे या आजाराचे दुःख दुहेरी होते.

दोष औषधाने सुधारणारा नसून बांधणीतला आहे, त्यामुळे उपायही बांधणीचाच हवा, असा विचार शिरोडकरांनी केला. रुग्णेच्याच मांडीच्या स्नायूंवरील चिवट आवरणाची अरुंद पट्टी काढून ती गर्भाशयाच्या मुखाभोवती आतल्या बाजूने गुंडाळावयाची व बांधावयाची, अशी ही शस्त्रक्रिया होती. तिच्यासाठी पोट उघडावे लागत नाही. ती योनिमार्गातूनच करता येते. योनीच्या भित्तीला छेद देऊन मूत्राशय वर सरकवावे लागते, म्हणजे टाका शक्य तितका उंच बसतो. मांडीतील पट्टीऐवजी पुढे कृत्रिम धाग्याची फीत वापरली जाऊ लागली. दिवस भरत आल्यावर टाका काढतात किंवा शस्त्रक्रियेने प्रसूती करतात. मद्रासहून निघणाऱ्या 'द अँटिसेप्टिक' या मासिकात १९५५ मध्ये शिरोडकरांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

अध्यापन आणि प्रसार

ही शस्त्रक्रिया केवळ वाचून साध्य होण्यासारखी नव्हती. मूत्राशय किती वर घ्यावे, सुई कोणत्या थरातून फिरवावी, गाठ किती घट्ट असावी या गोष्टी अनुभवी हाताशेजारी उभे राहूनच शिकाव्या लागत. छेद चुकला तर मूत्राशयाला इजा होई, टाका सैल बसला तर व्यर्थ जाई आणि जंतुसंसर्ग झाला तर आईच्याही जिवावर बेते.

१९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. इयान मॅकडोनल्ड यांनी पिशवीच्या नाडीसारखा, वरूनच घालावयाचा सोपा टाका सुचवला. मूत्राशय सरकवण्याची गरज नसल्याने तो लवकर शिकता येई व त्याचा प्रसार वेगाने झाला. मात्र मूळ कल्पना, म्हणजे गर्भारपणातच मुखाला आधार देण्याची, शिरोडकरांचीच राहिली. १९६५ मध्ये बेन्सन आणि डर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी निवडक रुग्णांसाठी पोटातून टाका घालण्याची पद्धत मांडली.

अंग बाहेर येण्याच्या, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याच्या विकारावरही शिरोडकरांनी शस्त्रक्रिया बसवली. तरुण स्त्रीचे गर्भाशय न काढता पट्टीच्या आधाराने ते मागे माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला बांधण्याची ही पद्धत 'शिरोडकर स्लिंग' म्हणून ओळखली जाते. पुढे मूल होण्याची शक्यता राखणे हा तिचा हेतू होता. त्यांचा 'कॉन्ट्रिब्युशन्स टू ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनेकॉलॉजी' हा ग्रंथ १९६० मध्ये एडिंबरोहून प्रसिद्ध झाला.

मूल्यमापन

टाका कोणाला घालावा हा प्रश्न शिरोडकरांच्या पश्चातही वादाचा राहिला. सोपेपणामुळे तो गरज नसलेल्या स्त्रियांनाही घातला जाऊ लागला. ब्रिटनच्या पुढाकाराने १२ देशांतील १२९२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा अंतिम अहवाल १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टाका घातलेल्यांपैकी १३ टक्के आणि न घातलेल्यांपैकी १७ टक्के स्त्रियांची प्रसूती ३३ आठवड्यांपूर्वी झाली. स्पष्ट लाभ मुख्यतः पूर्वी तीन किंवा अधिक वेळा गर्भ गमावलेल्या अथवा अकाली प्रसूत झालेल्या स्त्रियांना झाला. ज्यांचे गर्भ वारंवार पडत अशाच स्त्रियांसाठी शिरोडकरांनी ही शस्त्रक्रिया मांडली होती.

आता सोनोग्राफीने मुखाची लांबी मोजून निर्णय घेणे शक्य झाले आहे. शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्यांच्या ठिकाणी काम करणारा स्त्रीरोगतज्ज्ञही पदव्युत्तर शिक्षणात शिरोडकरांचे नाव आणि त्यांची पद्धत शिकून आलेला असतो.

सन्मान आणि निधन

भारत सरकारने शिरोडकरांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण हे किताब दिले. पद्मविभूषण जाहीर झाला त्याच वर्षी, ७ मार्च १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले.