शिकवलं की नाही हे त्याला नीट आठवतही नव्हतं, तरी उत्क्रांतीसाठी या मास्तरने खटला अंगावर घेतला

माणूस माकडापासून झाला, हे वाक्य तुम्ही शाळेत कधी ना कधी ऐकलं असेलच. खरं तर विज्ञान असं म्हणतच नाही. आजची माकडं आपले आजोबा-पणजोबा नाहीत, ती आपली लांबची चुलत भावंडं आहेत. साधारण ६० ते ७० लाख वर्षं मागे गेलं की माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एकच निघतो. अजून मागे जात राहिलं तर झाडं, मासे, माणसं सगळ्यांचं मूळ एकाच ठिकाणी पोहोचतं.

हीच गोष्ट वर्गात शिकवली म्हणून १९२५ साली अमेरिकेत एका शिक्षकावर खटला भरला गेला. त्याचं नाव जॉन स्कोप्स.

स्कोप्सचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा, केंटकी राज्यातल्या पडुका गावातला. वडील रेल्वेत कामाला आणि कट्टर कामगार चळवळवाले. १९२४ मध्ये केंटकी विद्यापीठातून पदवी घेऊन गडी टेनेसी राज्यातल्या डेटन नावाच्या छोट्या गावात नोकरीला लागला. काम होतं शाळेच्या फुटबॉल टीमला कोचिंग द्यायचं आणि गणित, विज्ञान शिकवायचं. जीवशास्त्र हा काही त्याचा नेहमीचा विषय नव्हता. नेहमीचे शिक्षक सुट्टीवर गेले तेव्हा त्याने फक्त त्यांचे तास घेतले होते.

इकडे मार्च १९२५ मध्ये टेनेसीत बटलर कायदा आला. माणूस खालच्या दर्जाच्या प्राण्यांपासून आला, असं सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळांमध्ये शिकवायला बंदी. शिकवलं तर १०० ते ५०० डॉलर दंड. गंमत म्हणजे सरकारनेच मंजूर केलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा होता. म्हणजे पुस्तक शिकवलं तर कायदा मोडतो आणि नाही शिकवलं तर पोर्शन राहतो.

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संघटनेने जाहीर केलं की, या कायद्याला कोर्टात आव्हान द्यायला कुणी शिक्षक तयार असेल तर खर्च आम्ही करू. डेटनमधल्या काही मंडळींच्या डोक्यात आलं, खटला आपल्याच गावात झाला तर गावाचं नाव देशभर होईल. मे महिन्यात एका औषधाच्या दुकानात बैठक बसली आणि टेनिस खेळत असलेल्या स्कोप्सला बोलावून घेतलं.

उत्क्रांतीचा धडा आपण नक्की शिकवला होता का, हे त्याला नीट आठवत नव्हतं. पण कायदा चुकीचा आहे यावर तो ठाम होता. त्याने होकार दिला. तेव्हा त्याचं वय होतं २४.

१० जुलैला खटला सुरू झाला. गावात जत्रा भरली, लोक चिंपांझी घेऊन आले, शिकागोच्या रेडिओने थेट प्रक्षेपण केलं. या खटल्याला मंकी ट्रायल म्हणतात. स्कोप्सच्या बाजूने नामांकित वकील क्लॅरेन्स डॅरो, तर विरोधात तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन. योगायोग बघा, स्कोप्स शाळेतून पास झाला तेव्हा समारंभाला पाहुणे म्हणून हेच ब्रायन आले होते.

बचाव पक्षाने शास्त्रज्ञ आणले, पण न्यायाधीशांनी त्यांची साक्ष ज्युरीसमोर होऊ दिली नाही. साक्ष दिली ती स्कोप्सच्या विद्यार्थ्यांनी. स्कोप्स स्वतः साक्षीला उभाच राहिला नाही. शेवटी डॅरोनेच त्याला दोषी ठरवा असं सांगितलं, कारण दोषी ठरला तरच वरच्या कोर्टात जाता येणार होतं. ज्युरीने ९ मिनिटांत निकाल दिला आणि न्यायाधीशांनी १०० डॉलर दंड ठोठावला.

१९२७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली, पण तांत्रिक कारणावर. ५० डॉलरच्या वरचा दंड न्यायाधीशांनी नाही, ज्युरीने ठरवायचा असतो म्हणून. कायदा मात्र तसाच राहिला.

खरं नुकसान पुढे झालं. वाद नको म्हणून प्रकाशकांनी पुस्तकांमधून उत्क्रांती गाळायला सुरुवात केली. ज्या पुस्तकावरून खटला झाला, त्याच्या १९२६ च्या आवृत्तीतून हा शब्दच गायब झाला. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेला विज्ञान शिक्षणाची जाग आली आणि त्यानंतरच उत्क्रांती पुस्तकांत धडपणे परतली. म्हणजे मधल्या काळात पोरांच्या कित्येक बॅचेस या विषयाशिवाय शाळेतून बाहेर पडल्या.

स्कोप्सने मात्र प्रसिद्धीच्या जोरावर पैसा कमवायचं टाळलं. तो शिकागो विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकला आणि तेल कंपनीत व्हेनेझुएलाला गेला. तिथे लग्न केलं. पुढे लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टमध्ये गॅस कंपनीत नोकरी केली. शाळेत शिकवायला तो परत गेला नाही.

टेनेसीने बटलर कायदा रद्द केला १९६७ मध्ये. त्याच वर्षी स्कोप्सचं आत्मचरित्र आलं. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदीच घटनाबाह्य ठरवली. २१ ऑक्टोबर १९७० रोजी स्कोप्स गेला, पण त्याआधी हे सगळं त्याला बघायला मिळालं.

आपल्याकडे २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्र काढून विरोध केला. अभ्यासक्रमाचं ओझं कमी केलंय, हा विषय बारावीला आहेच, असं उत्तर मिळालं. इथे ना बंदी होती ना खटला. पण दहावीनंतर कॉमर्स, आर्ट्स नाहीतर आयटीआयला जाणारी पोरं बारावीचं जीवशास्त्र उघडतच नाहीत. त्यांच्यापर्यंत उत्क्रांती पोहोचवायची संधी दहावीच्या वर्गातच असते.