डॉ. थॉमस अँड्र्यूज

वैशाखात बावधनच्या माळावर पारा ३५ अंशांपलीकडे सहज जातो. आग विझविण्याच्या नळकांड्यातील कार्बन डायऑक्साइड तितकाच तापला, तर तो ना धड वायू राहतो, ना धड द्रव. या अवस्थेचे मर्म ज्यांनी उलगडले, त्यांचे चरित्र आम्ही बालवाचकांपुढे ठेवीत आहो.

अँड्र्यूज यांचा जन्म आयर्लंडातील बेलफास्ट शहरी १९ डिसेंबर १८१३ रोजी झाला. वडील लिनन कापडाचे व्यापारी होते. ग्लासगो, पॅरिस, डब्लिन व एडिंबरो येथे अध्ययन करून १८३५ मध्ये ते डॉक्टर झाले. बेलफास्टास परतून ते रोगी तपाशीत व रसायनशास्त्रही शिकवीत. १८४५ मध्ये नव्या क्वीन्स कॉलेजच्या उपाध्यक्षपदी नेमणूक होताच त्यांनी वैद्यकी सोडली. जम बसलेला धंदा विद्येसाठी टाकणे सोपे नव्हे.

त्या काळी प्राणवायू, नत्रवायू इत्यादी वायू कितीही दाबले तरी द्रवरूप होत नसत. फॅरडेसारख्या महापंडिताचे यत्नही तेथेच अडले. अँड्र्यूज यांनी परीक्षेसाठी सहज द्रवरूप होणारा कार्बन डायऑक्साइड निवडला. केसासारख्या बारीक छिद्राच्या काचनळीत तो कोंडून, पोलादी स्क्रूने पारा रेटून ते दाब वाढवीत आणि उष्णता थोडथोडी बदलून पाहत. सुमारे ३१ अंश सेल्सियसच्या वर कितीही दाब दिला, तरी द्रव व वायू यांतील सीमारेषा दिसेना! या मर्यादेस त्यांनी क्रांतिक बिंदू म्हटले व १८६९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आपले संशोधन मांडले. उणीव दाबाची नसून थंडीची होती, हे त्यातून उमगले. १८७७ मध्ये काय्यते व पिक्ते यांनी प्राणवायू द्रवरूप करून दाखविला. अँड्र्यूज २६ नोव्हेंबर १८८५ रोजी निवर्तले.

त्यांच्या शोधाचे फळ आज अनेक ठिकाणी दिसते. क्रांतिक बिंदूपलीकडील कार्बन डायऑक्साइड वायूप्रमाणे बियांच्या भुकटीत शिरतो व द्रवाप्रमाणे तेल विरघळवितो. दाब सोडताच तो उडून जातो आणि शुद्ध तेल मागे राहते. मग ते तोलता येते, त्याचे घटकही निवडून तपासता येतात. नाजूक तेले फार तापवावी लागत नाहीत, विद्रावकाचा वासही मागे उरत नाही. काही स्निग्ध पदार्थ मात्र त्यात नीट विरघळत नाहीत. त्यांसाठी थोडे मद्यार्क मिसळतात.

बावधनशेजारी पाषाण येथे १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे अशा ठिकाणी काम करील, अशी आम्हांस आशा आहे. त्याने एवढे ध्यानी धरावे की, अडलेल्या कामी नुसता जोर वाढविण्यापूर्वी अडण्याचे कारण शोधावे.