दहा वर्षांचा जिम कॉर्बेट चांदमारीच्या मैदानात पहिल्यांदा उतरला, आणि शेजारी येऊन पालथा पडला तो देशातला मोठा सेनाधिकारी

साल साधारण १८८५. ठिकाण नैनिताल. गावाजवळच्या सुखाताल भागात चांदमारीचं मैदान होतं, म्हणजे बंदुकीने लक्ष्यावर नेम धरायचा सराव करण्याची जागा. त्या दिवशी तिथे बरीच गर्दी जमली होती. नैनिताल व्हॉलंटिअर रायफल्स या तुकडीत शाळेतल्या पोरांचीही एक कॅडेट कंपनी होती. बाहेरून आलेल्या बड्या पाहुण्यांना या पोरांची नेमबाजी दाखवायची होती.

निवडलेल्या पोरांमध्ये एक अगदीच बारकं पोरगं होतं, वय जेमतेम दहा. हातात .४५० मार्टिनी रायफल. ती ब्रिटिश सैन्याची रायफल, वजन जवळपास चार किलो. मोठ्या माणसाच्या खांद्यालाही ठणका लागेल असा तिचा धक्का. समोर २०० यार्डांवर, म्हणजे साधारण १८३ मीटरवर लक्ष्य. आणि आजूबाजूला सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे लागलेल्या.

या पोराचं नाव एडवर्ड जेम्स कॉर्बेट. पुढे जगाने त्याला जिम कॉर्बेट म्हणून ओळखलं. नरभक्षक वाघांचा शिकारी, 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं'चा लेखक, आणि ज्याच्या नावाने आज उत्तराखंडात राष्ट्रीय उद्यान आहे तोच.

पण त्या दिवशी तो फक्त एक घाबरलेला मुलगा होता.

बंदुकीच्या आधी आली गलोल

ही गोष्ट कळायला थोडं मागे जावं लागतं.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील क्रिस्टोफर कॉर्बेट नैनितालचे पोस्टमास्तर. घर मोठं, पोरंबाळं पुष्कळ, पैसा बेताचा. १८८१ मध्ये वडील गेले तेव्हा जिम सहा वर्षांचाही नव्हता. आई मेरी जेन यांनी घर सावरलं आणि थोरला भाऊ टॉमने कर्त्या माणसाची जागा घेतली. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा डोंगराच्या पायथ्याशी काळाढुंगीला, असं या कुटुंबाचं वर्ष जायचं. काळाढुंगीचं घर जंगलाला लागूनच होतं.

जिम लहान असताना त्याला न्यूमोनिया झाला आणि तो मरता मरता वाचला. तेव्हा औषध घ्यायला तयार नसलेल्या या पोराला टॉमने एक आमिष दाखवलं: गलोल. पोराने मुकाट्याने औषध घेतलं, बरा झाला आणि त्याच्या हातात आयुष्यातलं पहिलं 'शस्त्र' आलं.

पण टॉमने ती नुसती हातात ठेवली नाही. नेम कसा धरायचा हे शिकवतानाच एक नियमही सांगितला. पक्षी अंड्यांवर बसलेले असतात, पिल्लांना भरवत असतात, त्या दिवसांत त्यांच्यावर नेम धरायचा नाही. म्हणजे कधी मारायचं नाही, हे जिम नेमाच्या बरोबरीनेच शिकला.

एक नळी फाटलेली, दस्ता तारेने बांधलेला

आठ वर्षांचा झाल्यावर त्याला पहिली बंदूक मिळाली. स्टीफन डीज नावाचा त्यांचा एक नातेवाईक कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक तयार करत होता. जिमने त्याला पक्षी गोळा करून दिले. त्याचं बक्षीस म्हणून एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक जिमला मिळाली.

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग छर्रे भरायचे, सळईने ठासायचे आणि मग बार काढायचा. एक बार काढला की पुन्हा सगळी उस्तवार. त्यात या बंदुकीची उजवी नळी फाटलेली होती, त्यामुळे ती वापरताच येत नव्हती. लाकडी दस्ता मोडलेला होता आणि तो पितळी तारेने गुंडाळून बांधला होता.

पण अशी बंदूक शिकणाऱ्या पोरासाठी फार कडक मास्तर असते. हातात एकच बार असतो. तो चुकला तर पुन्हा भरेपर्यंत समोरचं पाखरू उडून जातं, आणि समोर मोठं जनावर असेल तर तेवढा वेळ मिळेलच असं नाही. त्यामुळे खात्री झाल्याशिवाय चाप ओढायचा नाही, ही सवय हाताला आपोआप लागते.

टॉम त्याला जंगलात शिकारीला घेऊन जायचा. एकदा तर त्याने या लहानग्याला बंदूक देऊन एका ओढ्याकाठी एकट्यालाच बसवलं आणि स्वतः पुढे गेला. जिम भीतीने अर्धमेला झाला होता, हे त्याने मोठेपणी स्वतःच लिहून ठेवलंय.

दुसरा गुरू होता कुंवर सिंग. काळाढुंगीजवळच्या एका गावाचा मुखिया आणि त्या भागातला पट्टीचा चोरटा शिकारी. त्याने जिमला आधी झाडावर चढायला शिकवलं. जंगलात ज्याला झाडावर चढता येत नाही, त्याच्या हातातल्या बंदुकीचा भरवसा नाही, असं त्याचं म्हणणं.

तो मोठा माणूस मातीत पालथा पडला

आता परत सुखातालच्या मैदानावर येऊ.

जिम चटईवर पालथा पडला. छाती धडधडत होती. आणि या गडबडीत तो एक महत्त्वाची गोष्ट विसरला.

रायफलच्या नळीवर मागच्या बाजूला एक खाली-वर होणारी पट्टी असते. गोळी सरळ रेषेत कायम जात नाही, जसजशी लांब जाते तसतशी खाली येते. म्हणून लक्ष्य जितकं लांब, तितकी नळी किंचित वर उचलावी लागते. किती उचलायची याचा हिशोब त्या पट्टीवरच्या खुणांवर असतो. पट्टी चुकीच्या अंतरावर राहिली, तर नेम कितीही अचूक धरला तरी गोळी वरून किंवा खालून निघून जाणार.

जिमने ही पट्टी लावलीच नव्हती.

तेवढ्यात त्याच्या शेजारी कुणीतरी येऊन चटईवर पालथं पडलं. एका शांत आवाजाने त्याची रायफल बघायला मागितली. स्थिर हातांनी ती पट्टी नीट लावली, रायफल परत त्याच्या हातात दिली आणि घाई करू नकोस, हवा तेवढा वेळ घे, एवढंच सांगितलं.

त्याची चूक चारचौघांत बोलून दाखवली नाही, आवाज चढवला नाही. बाकीच्या लोकांना कदाचित कळलंही नसेल की हा पोरगा काय विसरला होता.

हा माणूस होता फ्रेडरिक रॉबर्ट्स. कानपूरला जन्मलेला, १८५७ च्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला, १८८० मध्ये काबूल ते कंदाहार फौज नेऊन अख्ख्या साम्राज्यात गाजलेला सेनाधिकारी. १८८५ मध्ये तो भारतातल्या सैन्याचा सरसेनापती झाला आणि पुढे फिल्ड मार्शल.

जिमने वेळ घेतला. नेम असा लागला की पाहुणे खूश झाले.

बक्षीस मिळालं, पण अटींवर

या नेमबाजीचं फळ म्हणून तुकडीच्या सार्जंट मेजरने जिमला एक .४५० मार्टिनी रायफल वापरायला दिली, काडतुसंही दिली. अटी अशा की रायफल स्वच्छ ठेवायची आणि उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या परत आणून द्यायच्या.

अट साधी वाटते, पण तिचा परिणाम बघा. किती वेळा बार काढला, याचा हिशोब मोठ्या माणसासमोर ठेवावा लागणार. दहा वर्षांच्या मुलासाठी तेवढं पुरेसं असतं.

याच रायफलने जिमने लहान वयातच पहिला बिबट्या मारला. आज हे वाचताना कुणालाही धक्का बसेल. एवढ्या लहान मुलाच्या हातात सैन्याची रायफल देऊन त्याला जंगलात एकटं सोडणं आज कायद्यातही बसणार नाही आणि शहाणपणातही. तो काळ वेगळा होता. शिकार हा साहेब लोकांचा छंद होता आणि कॉर्बेट त्याच जगात वाढत होता. त्यामुळे त्या काळातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे आपण ठरवायचं.

तो आवाज आयुष्यभर पुरला

शाळा संपल्यावर कॉर्बेट रेल्वेत नोकरीला लागले. बिहारमधल्या मोकामा घाटावर मालाची चढउतार करण्याचं कंत्राट त्यांनी वीसेक वर्षं सांभाळलं. नरभक्षकांच्या मागे जाणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम कधीच नव्हतं.

१९०७ मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊंमध्ये मिळून तिने ४३६ माणसं मारल्याची नोंद सांगितली जाते. कॉर्बेट तेव्हा ३१-३२ वर्षांचे होते. त्यानंतर तीसेक वर्षं त्यांना अशी बोलावणी येत राहिली.

रुद्रप्रयागचा बिबट्या तर केदारनाथ-बद्रीनाथच्या वाटेवरच बसला होता. १८१८ नव्हे, तर १९१८ ते १९२६ या अगदी अलीकडच्या काळात त्याने १२५ माणसं मारल्याची सरकारी नोंद आहे. कॉर्बेट यांनी त्याच्यासाठी अलकनंदेवरच्या पुलाच्या बुरुजावर वीस रात्री काढल्या. बिबट्या आला नाही. शेवटी मे १९२६ च्या सुरुवातीला गोलाबराईजवळ एका आंब्याच्या झाडावरून त्यांनी त्याला टिपलं.

पण वेळ घेऊनही चूक होते, हेही त्यांच्याच आयुष्यात दिसतं.

चौगढची नरभक्षक वाघीण आपल्या मोठ्या झालेल्या बछड्यासोबत फिरायची. १९२९ मध्ये दोघंही एकाच वेळी कॉर्बेट यांच्या समोर आली. त्यांनी रंगावरून अंदाज बांधला. फिक्या रंगाची ती म्हातारी असणार असं धरून गोळी झाडली. पडलं ते बछडं. वाघीण निसटली आणि पुढे वर्षभर माणसं मारत राहिली. ११ एप्रिल १९३० रोजी ती मेली, तोवर तिच्या नावावर ६४ बळी लागले होते. एका चुकीच्या अंदाजाची किंमत त्या डोंगरातल्या गावांनी मोजली. कॉर्बेट यांनी ही चूक पुस्तकात झाकून ठेवली नाही.

मोहनच्या नरभक्षक वाघाला तर त्यांनी तो झोपलेला असताना मारलं. गावांचा जीव वाचला, पण ही गोष्ट त्यांच्या मनाला टोचत राहिली.

आणि या सगळ्या प्रवासात त्यांनी सुखातालचा तो दिवस विसरला नाही. १९५३ मध्ये आलेल्या 'जंगल लोअर' या पुस्तकात तो प्रसंग आहे. गोळी झाडण्याची किंवा निर्णय घेण्याची घाई व्हायला लागली की तो शांत आवाज आठवून आपण थांबत आलो, अशा अर्थाचं त्यांनी तिथे लिहिलंय. प्रसंग घडून तोवर जवळपास ७० वर्षं झाली होती.

मग कॉर्बेट स्वतः मास्तर झाले

वय वाढत गेलं तशी बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. कॉर्बेट वाघांचं चित्रीकरण करू लागले. शाळांमध्ये जाऊन मुलांना जंगल आणि प्राणी का वाचवायला हवेत हे सांगू लागले. १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क झालं, त्यामागेही त्यांचा मोठा हात होता. भारतातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. म्हणजे ते एकदम शिकार सोडून साधू झाले असं नाही. व्हाइसरॉयच्या शिकारींची व्यवस्था ते नंतरही बघत होते. माणूस असाच असतो, दोन्ही गोष्टी एकाच वेळी घेऊन चालणारा.

दुसऱ्या महायुद्धात साठी ओलांडलेल्या कॉर्बेट यांच्याकडे आणखी एक काम आलं. ब्रह्मदेशच्या जंगलात लढायला जाणाऱ्या तरुण सैनिकांना जंगलात कसं जगायचं ते शिकवायचं. हे काम त्यांनी मध्य भारतातही केलं, आपल्या नागपूरच्या वर असलेल्या छिंदवाड्यात. कुंवर सिंग आणि टॉमकडून शिकलेलं सगळं आता ते पुढच्या पोरांना देत होते.

१९४४ मध्ये 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' मुंबईतून प्रकाशित झालं. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते काढलं आणि ते जगभर गेलं. मराठीतही कॉर्बेट यांची पुस्तकं आली आणि आपल्याकडच्या कित्येक वाचकांना जंगलाची गोडी त्यांनीच लावली.

१९४७ मध्ये बहीण मॅगीसोबत ते केनियात गेले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथे त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोनेक वर्षांत हेली पार्कला त्यांचं नाव मिळालं.

आज नेमबाजी हा आपल्याकडे मोठा खेळ झालाय. पालक पोरांना घेऊन रेंजवर जातात, हातात एअर रायफल असते, समोर कागदी लक्ष्य. पोरगं पहिल्यांदा गडबडतं, काहीतरी विसरतं. तेव्हा मागे उभं राहून ओरडायचं, की शेजारी बसून शांतपणे चूक दुरुस्त करून द्यायची, हे मोठ्यांच्या हातात असतं. रॉबर्ट्स यांनी दुसरा मार्ग घेतला. त्यांना त्यासाठी फार तर दोन मिनिटं लागली असतील.