सायन्सची डिग्री नसलेल्या हाल्डेन यांनी बायोवाल्यांना गणित शिकवलं, तेही पारिजातकाच्या पाकळ्या मोजायला लावून

गणित झेपत नसेल तर बायो घे, असा सल्ला देणारे एक तरी काका प्रत्येक घरात असतात. पोरं पण खुश होतात. पीसीबी घेतलं, इंटिग्रेशनपासून सुटका झाली! मग बीएससीला बायोस्टॅटिस्टिक्सचा पेपर समोर येतो आणि कळतं की गणित मागच्या दाराने घरात शिरलंय.

हे गणित बायोत आणून बसवणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक होते जे. बी. एस. हाल्डेन. गंमत म्हणजे त्यांच्याकडे सायन्सची एकही डिग्री नव्हती.

५ नोव्हेंबर १८९२ ला ऑक्सफर्डमध्ये त्यांचा जन्म झाला. घरचे त्यांना जॅक म्हणायचे. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वासोच्छ्वासावर काम करणारे मोठे शास्त्रज्ञ. खाणीतले विषारी वायू हा त्यांचा खास विषय, आणि पोराला शिकवायची पद्धतही तशीच खास.

एकदा त्यांनी लहानग्या जॅकला स्टॅफर्डशायरच्या कोळशाच्या खाणीत नेलं. एका जागी उभं केलं आणि शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. थोड्याच वेळात पोराला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीवर मात्र त्याला नीट श्वास घेता येत होता. कारण मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तो वर छताशी साचतो. घनता म्हणजे काय, हे पोरगं जन्मात विसरलं नाही. आजच्या काळात असं कुणी केलं तर पोलीस केस होईल, ते सोडा.

पुढे ऑक्सफर्डला त्यांनी आधी गणित घेतलं, त्यात फर्स्ट क्लास मिळवला. मग गाडी ग्रीक, लॅटिन आणि तत्त्वज्ञानाकडे वळवली, तिथेही फर्स्ट क्लास. एवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. हाल्डेन लढले, जखमी झाले आणि बरं होण्यासाठी त्यांना भारतात पाठवलं गेलं. हा देश त्यांच्या मनात तेव्हाच बसला.

१९२३ ला ते केंब्रिजला बायोकेमिस्ट्री शिकवायला लागले. एन्झाइमचं जे मायकेलिस-मेंटेन समीकरण आज पोरं घोकतात, ते पुस्तकात ज्या रीतीने मांडलेलं असतं ती रीत ब्रिग्ज आणि हाल्डेन यांनी १९२५ ला दिलेली आहे.

पण खरा धमाका १९२४ चा.

तेव्हा डार्विनच्या नैसर्गिक निवडीबद्दल मोठी शंका होती. निवड होते हे ठीक, पण ती किती वेगाने होते? एवढे बदल घडायला वेळ पुरतो का? नुसत्या शब्दांनी याचं उत्तर देता येत नव्हतं. हाल्डेन यांनी इंग्लंडमधला एक पतंग घेतला. तो मूळचा फिकट, अंगावर काळे ठिपके असलेला. १८४८ ला मँचेस्टरजवळ त्याचा पूर्ण काळा प्रकार नोंदवला गेला. कारखान्यांच्या काजळीने झाडं काळी पडली आणि पन्नासेक वर्षांत जवळपास सगळेच पतंग काळे झाले.

हाल्डेन यांनी हिशेब मांडला. सुरुवातीला काळे १ टक्का, शेवटी ९९ टक्के, वर्षाला एक पिढी. एवढ्या कमी पिढ्यांत हे व्हायचं असेल, तर फिकट पतंगाच्या तुलनेत काळ्याची जगून पिल्लं मागे ठेवण्याची शक्यता साधारण दीडपट हवी. हा आकडा तेव्हाच्या कल्पनेच्या मानाने प्रचंड होता. पुढे तीसेक वर्षांनी जंगलात जाऊन प्रयोग झाले आणि निवड खरोखरच इतकी जोरदार असू शकते हे दिसलं. आधी गणित, मग पुरावा.

सामान्य वाचकालाही ते सोडायचे नाहीत. १९२६ च्या एका लेखात त्यांनी गोष्टीतल्या राक्षसाचं फिजिक्स सांगितलं. माणूस सगळ्या बाजूंनी दहापट मोठा केला तर वजन हजारपट होतं, पण हाडाची जाडी, म्हणजे आडवा छेद, शंभरपटच वाढतो. हाडाच्या प्रत्येक इंचावर दहापट भार! राक्षस पहिल्याच पावलाला मांडी मोडून बसणार. उलट उंदीर खोल खाणीत पडला तरी जरा झटका बसून पळून जातो, कारण वजनाच्या मानाने त्याच्या अंगाला हवेचा अडथळा जास्त. क्षेत्रफळ आणि घनफळ यातला फरक शिकवायला यापेक्षा सोपी रीत मला तरी माहीत नाही.

एक गोष्ट मात्र लपवण्यासारखी नाही. हाल्डेन कट्टर कम्युनिस्ट होते. सोव्हिएत रशियात लायसेंको जेनेटिक्सचा गळा घोटत होता, तेव्हा आकड्यांशिवाय न बोलणारा हा माणूस बराच काळ त्याला सांभाळून घेत राहिला. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, पण तो डाग राहिलाच.

१९५७ ला त्यांनी लंडनची प्रोफेसरकी सोडली आणि पत्नी हेलन स्परवे यांच्यासोबत कोलकात्याला महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले. सुएझ प्रकरणावरून ब्रिटिश सरकारवरचा राग हे त्यांनी सांगितलेलं एक कारण. इथे त्यांनी कुर्ता-पायजमा घातला, मोजे कायमचे सोडले, मांसाहार सोडला आणि १९६१ ला भारताचे नागरिक झाले.

भारतातल्या लॅबमध्ये महागडी यंत्रं नाहीत ही तक्रार त्यांना मान्य नव्हती. मोजायला डोळे आणि वही पुरते. एस. के. रॉय यांनी पारिजातकाच्या पाकळ्या मोजल्या. समजा तुम्ही दहा फुलं उचलली. सात फुलांना सहा पाकळ्या, दोघांना पाच, एकाला सात. सरासरी ५.९. आता ५.९ पाकळ्यांचं फूल कुठल्याच झाडावर नसतं! म्हणून सरासरीसोबत फुलं तिच्यापासून किती पसरलीत हेही बघावं लागतं. झालं, स्टॅटिस्टिक्सचे पहिले दोन धडे अंगणातच संपले.

टी. ए. डेव्हिस नारळाच्या झाडांवर झावळ्यांची चक्राकार मांडणी डावी की उजवी ते मोजत होते. द्रोणमराजू घाणेरीच्या कुठल्या रंगाच्या फुलावर कुठलं फुलपाखरू बसतं ते नोंदवत होते. एस. डी. जयकर हे तर हाल्डेन यांच्याबरोबर निवडीची समीकरणं सोडवायचे आणि कुंभारमाशीवर नजरही ठेवायचे. तिच्या फक्त एका घरट्यावरचा स्परवे, द्रोणमराजू आणि जयकर यांचा लांबलचक पेपर १९६४ ला मुंबईच्या बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापून आला.

महालनोबिस यांच्याशी मात्र हाल्डेन यांचं फार काळ पटलं नाही. १९६१ ला त्यांनी राजीनामा दिला. बिजू पटनायक यांनी ओडिशात बोलावलं आणि १९६२ ला भुवनेश्वरमध्ये जेनेटिक्स आणि बायोमेट्रीची लॅब सुरू झाली. ती नीट उभी राहायच्या आत त्यांना कॅन्सरने गाठलं. १ डिसेंबर १९६४ ला ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकीनाडाच्या रंगराया मेडिकल कॉलेजला, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला.