कै. बाबा पदमनजी आणि त्यांची यमुना

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगाव येथे कासार ज्ञातीच्या एका धर्मनिष्ठ घराण्यात झाला. बालपणी ते पूजा, व्रते व उपास मोठ्या श्रद्धेने करीत. बेळगावच्या मिशन शाळेत व पुढे मुंबईस फ्री चर्चच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. मुंबईत ते परमहंस सभेचे सभासद होते. ही सभा जातिभेद मानीत नसे. परंतु तिचे सर्व काम गुप्तपणे चाले. चार भिंतींच्या आत जात मोडावयाची आणि बाहेर येऊन ती पाळावयाची, अशा वागण्याने बाबांच्या मनास शांती लाभेना. स्त्रियांनी विद्या शिकावी, असा निबंध त्यांनी १८५२ सालीच लिहिला होता.

१८५४ साली बेळगाव येथे त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. आईबापांचे घर तुटले, आणि त्यांची तरुण पत्नी त्यांजकडे नांदावयास आली नाही. घर मोडणे म्हणजे काय, हे त्यांस दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले नाही.

पुढे तीनच वर्षांनी, १८५७ साली, त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिची गणना होते. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता. परंतु कायद्याने वाट मोकळी झाली तरी लोकांची मने मोकळी झाली नव्हती. यमुना व तिचा पती विनायक प्रवास करितात आणि ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहतात. कोणाचे केशवपन झालेले, कोणी घरातच मोलकरणीप्रमाणे राबणारी. मग प्रवासातच विनायकास मृत्यू येतो, आणि जी इतरांचे अश्रू पुशीत होती तीच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करिते.

या पुस्तकात उपदेशाची भाषणे लांबलचक आहेत, हे खरे. तथापि त्यानंतर आलेल्या ‘मुक्तामाला’ व ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्या अद्भुत प्रसंगांत रमल्या. बाबांनी मात्र शेजारच्या घरातील स्त्री पाहिली. ती कोणत्या धर्माची, हे विचारून त्यांनी तिच्याविषयी कळवळा बाळगला नाही. पुढे हरि नारायण आपटे यांनी १८९० पासून ‘पण लक्षांत कोण घेतो’ लिहून पुण्यामुंबईच्या घरांतील विधवेची दशा वर्णिली. तिच्या नायिकेचे नावही यमुनाच आहे.

बाबांनी पुढे पुनः संसार मांडिला, पुण्यास मंडळीचे पाळकपण केले, नव्या करारावर टीका लिहिली, कोश रचिले, नियतकालिके चालविली व ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यांचे लहानमोठे ग्रंथ शंभरावर आहेत. १९०६ साली मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, आपल्या मंडळीत विधवा भगिनी असतात. उपासनेत त्या मागे बसतात, लग्नसमारंभात बाजूस उभ्या राहतात. बाप्तिस्मा झाला तरी जुनी रूढी पुष्कळदा आपल्यासोबत मंडळीत येते. बाबांच्या पुस्तकाचा गौरव करणे सोपे आहे. आपल्याच आळीतील यमुनेस मानाने पुढे बसविणे, हे त्याहून कठीण व अधिक अगत्याचे आहे.