हार्डीसाहेब आणि माझी क्रिकेटची वही



२२ डिसेंबर हा थोर भारतीय गणिती श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. २०१२ सालापासून तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळतात. म्हणून या वेळच्या भित्तिपत्रकात सर्वांनी गणितज्ञांवर लिहायचे, असे गुरुजींनी सांगितले. रामानुजन यांच्यावर आमच्या वर्गातल्या पाच जणांनी लिहिले आहे. मी मात्र त्यांना इंग्लंडला बोलावून घेणाऱ्या हार्डीसाहेबांवर लिहीत आहे. त्याला कारण माझी वही. आधी वहीचे सांगतो.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. म्हणजे होती. तिच्यात मी क्रिकेटचे आकडे लिहायचो. स्टँडवरच्या हॉटेलात पेपर येतो, त्यातला धावफलक उतरवून घ्यायचा. आमच्या गावच्या संघाच्या रविवारच्या मॅचचे आकडेपण आहेत. कोणी किती धावा केल्या, किती बळी घेतले, कोण कितीदा शून्यावर गेला, सगळे त्यात आहे. सरासरी काढायला भागाकार लागतो, म्हणून भागाकार मला त्या वहीनेच शिकवला.

पण झालं असं, की सहामाहीच्या आधी मी अभ्यास सोडून वहीच लिहीत बसलो. गणितात पन्नासपैकी एकवीस गुण पडले. त्याच आठवड्यात म्हैस चारायला नेली होती. मी बांधावर बसून सरासरी काढत राहिलो आणि म्हैस शेजारच्या काकांच्या ज्वारीत शिरली. दादांना काकांपुढे मान खाली घालावी लागली. मग काय, आईने वही पत्र्याच्या पेटीत टाकली आणि कुलूप लावले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गप्प बसलो होतो. गुरुजींनी विचारले तेव्हा सगळे सांगून टाकले. गुरुजी रागावले नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी मला हार्डीसाहेबांची गोष्ट सांगितली. ती मी माझ्या शब्दांत लिहितो.

गॉडफ्रे हॅरॉल्ड हार्डी यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८७७ रोजी इंग्लंडमधील क्रॅन्ली या गावी झाला. त्यांचे वडील तिथल्या शाळेत चित्रकला शिकवीत आणि शाळेचा जमाखर्चही पाहत. आईसुद्धा शिक्षिका होती. हार्डी दोन वर्षांचे असतानाच दशलक्षापर्यंतचे आकडे लिहीत. चर्चमध्ये नेले की प्रार्थनागीतांच्या क्रमांकांकडे बघून ते मनातल्या मनात त्यांचे अवयव पाडत बसत. म्हणजे समजा ८४ दिसले, की दोन गुणिले दोन गुणिले तीन गुणिले सात.

त्यांना गर्ट्रूड नावाची धाकटी बहीण होती. लहानपणी हार्डी बेफिकीरपणे बॅट फिरवत होते. ती बहिणीला लागली आणि तिचा एक डोळा कायमचा गेला. हे ऐकून मला फार वाईट वाटले. पण बहिणीने राग धरला नाही. भावाबहिणीची माया जन्मभर टिकली. ही बहीण लक्षात ठेवा, ती शेवटी परत येणार आहे.

हार्डी हुशार होते. शिष्यवृत्ती मिळवून ते विंचेस्टरच्या मोठ्या शाळेत गेले. आपल्याला तिथे कोणी नीट फलंदाजी शिकवली नाही, याची खंत त्यांना मोठेपणीही होती. १८९६ साली ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. १८९८ च्या गणिताच्या परीक्षेत त्यांचा चौथा नंबर आला. पुढे ते तिथेच शिकवू लागले. १९११ पासून लिटलवुड नावाच्या गणितज्ञाबरोबर त्यांनी काम सुरू केले. दोघांनी मिळून सुमारे शंभर शोधनिबंध लिहिले.

आता मुख्य गोष्ट. एवढे मोठे काम करणाऱ्या माणसाला क्रिकेटच्या आकड्यांचे वेड होते. सकाळी नाश्त्याला बसले की ते पेपर उघडून आधी क्रिकेटचे धावफलक वाचत. हिवाळ्यात इंग्लंडमध्ये क्रिकेट नसते, तेव्हा ते ऑस्ट्रेलियातले धावफलक वाचत. मग नऊ ते एक गणित. फक्त चार तास, पण त्या चार तासांत दुसरे काही नाही. एक वाजता थोडेसे जेवण. दुपारी टेनिस खेळायचे, नाहीतर उन्हाळ्यात फेनर्स नावाच्या मैदानावर जाऊन क्रिकेट बघायचे. गंमत म्हणजे हार्डीसाहेब घड्याळ कधीच वापरत नसत. घड्याळ नसून ज्याला वेळ कळते, तो खरा, असे मला वाटते.

मैदानावर जाताना ते ऊन असले तरी छत्री, स्वेटर आणि गणिताचे कागद घेऊन जात. त्यांचा असा गमतीचा हिशोब होता, की आपण पावसाची तयारी करून गेलो म्हणजे पाऊस हमखास येत नाही. गणितज्ञांना नंबर देतानाही ते क्रिकेटचे माप लावत. उत्तम गणितज्ञ हा जॅक हॉब्ज या फलंदाजाच्या वर्गातला. पुढे ब्रॅडमन आला तेव्हा त्यांना त्याहून वरचा वर्ग काढावा लागला. त्यात त्यांनी आर्किमिडीज, न्यूटन आणि गाऊस यांना बसवले.

जानेवारी १९१३ मध्ये नाश्त्याच्या वेळी त्यांना हिंदुस्थानातून एक जाड पाकीट आले. मद्रासच्या बंदरात कारकुनी करणाऱ्या रामानुजन यांचे ते पत्र होते. आत नुसती सूत्रेच सूत्रे. हार्डींना वाटले, कोणीतरी थट्टा केली. त्यांनी पत्र बाजूला ठेवले, धावफलक वाचला, नऊ ते एक काम केले आणि दुपारी टेनिस खेळले. पण पत्र काही डोक्यातून जाईना. रात्री त्यांनी लिटलवुडला बोलावले. दोघांनी मिळून तपासले आणि मध्यरात्रीच्या आत त्यांना कळले, की हा माणूस असामान्य बुद्धीचा आहे. १९१४ साली रामानुजन केंब्रिजला गेले.

रामानुजन आजारी असताना हार्डी टॅक्सीने त्यांना भेटायला गेले. टॅक्सीचा नंबर १७२९ होता. हार्डींना तो नंबर अगदीच साधा वाटला. रामानुजन यांनी लगेच सांगितले, की दोन घनांची बेरीज दोन वेगवेगळ्या तऱ्हेने करता येते अशी ती सर्वात लहान संख्या आहे. मी पाटीवर करून पाहिले. बाराचा घन १७२८, त्यात एकाचा घन १. दहाचा घन १०००, त्यात नवाचा घन ७२९. दोन्हीकडे १७२९ येतात! तुम्हीपण करून पाहा.

छंदामुळे कामही होते, याचेसुद्धा उदाहरण आहे. पनेट नावाचे जीवशास्त्रज्ञ हार्डींबरोबर क्रिकेट खेळत. त्यांनी हार्डींना एक प्रश्न विचारला. आईबापांचा एखादा गुण मुलांत जोरदार उतरत असेल, तर तो वाढत वाढत सगळ्या माणसांत का पसरत नाही? हार्डींनी थोड्याशा बीजगणिताने उत्तर काढले आणि १९०८ साली छापले. ते आज बारावीच्या जीवशास्त्रात आहे. माझ्या आतेबहिणीने मला पुस्तकात दाखवले.

१९३९ साली हार्डींना हृदयविकाराचा झटका आला. टेनिस संपले, गणितही होईना. १९४७ साली ते फार आजारी पडले. आपला देश त्याच वर्षी १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला होता आणि लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली आपला संघ ऑस्ट्रेलियाला गेला होता. आपल्या सांगलीचे विजय हजारे त्यात होते. आजारी हार्डी आपल्या मित्राशी, लेखक स्नो यांच्याशी, या भारतीय संघाबद्दल बोलत. आणि रोज संध्याकाळी त्यांची बहीण गर्ट्रूड त्यांना केंब्रिजच्या क्रिकेटचा इतिहास वाचून दाखवी. जिचा डोळा त्यांच्या बॅटने गेला, तीच बहीण. १ डिसेंबर १९४७ रोजी पहाटे हार्डी वारले. त्याच दिवशी त्यांना कोप्ली पदक हा मोठा सन्मान मिळायचा होता.

गोष्ट ऐकून मी गुरुजींना म्हणालो, की मग माझी वही बरोबरच होती. गुरुजींनी मान हलवली. हार्डीसाहेबांनी नऊ ते एक या वेळात धावफलक उघडला असता का, असे त्यांनी विचारले. मी गप्प झालो. माझी चूक वही लिहिण्याची नव्हती, म्हशीच्या वेळेत वही लिहिण्याची होती.

पण मी घरी जाऊन आणखी विचार केला. हार्डीसाहेबांना म्हैस नव्हती. जेवण त्यांना कॉलेजात तयार मिळायचे. आमच्याकडे तसे नाही. आई पहाटे पाचला उठते आणि रात्री सगळ्यांच्या नंतर निजते. तिला भरतकाम छान येते. अर्धा झालेला एक रुमाल आहे, त्यावर मोर आहे, पण मोराला पिसारा नाही. मी लहान असल्यापासून तो तसाच आहे. तोही त्याच पेटीत आहे, माझ्या वहीशेजारी.

म्हणून मी वेळापत्रक केले आहे. सकाळी पाढे. शाळा. मग म्हैस, आणि बांधावर वही नाही. संध्याकाळचे पाणी आईऐवजी मी भरणार. मग अभ्यास. अभ्यास झाल्यावर अर्धा तास वही. गेले तीन आठवडे वही नसतानाही मी हे पाळत आहे. गुरुजींनी परवा घेतलेल्या भागाकाराच्या चाचणीत दहापैकी नऊ आले.

आई, तू आज शाळेत येणार आहेस. हे वाचलेस तर पेटी उघडशील का? वही काढ आणि रुमालपण काढ. तो अर्धा तास आपण दोघे मिळून बसू.

थोर गणिती हार्डीसाहेबांना माझे शतशः प्रणाम.

इयत्ता ४ थी