बेंटली: खरे कोण, नक्कल कोणाची?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांची ढोलकी असते. तिचे कातडे कितीदा तरी बदललेले असते, दोरी नवी असते. एखाद्या पावसाळ्यात खोड तडकले म्हणून तेही नवे करून घेतलेले असते. तरीही झाकरीच्या रात्री ती आजोबांचीच ढोलकी असते. शेजाऱ्याने हुबेहूब तशीच ढोलकी करून आणली तर ती मात्र आजोबांची होत नाही. असे का व्हावे?

नेमका हाच प्रश्न जुन्या मोटारींचे शौकीन आज अनेक वर्षे एकमेकांना विचारीत आहेत. त्यांच्या वादात एका इंग्रज यंत्रतज्ज्ञाच्या मोटारींचा उल्लेख हमखास येतो. त्या गृहस्थाचे नाव वॉल्टर ओवेन बेंटली. त्यांची जीवनकथा वाचली म्हणजे हा वाद केवळ श्रीमंतांची हौस नाही, हे ध्यानात येते.

बेंटली यांचा जन्म १६ सप्टेंबर १८८८ रोजी लंडनमध्ये झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते डॉनकास्टर येथील रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करू लागले. लोखंड कसे ओततात, यंत्र कसे जुळवतात, हे सारे त्यांनी स्वतःच्या हातांनी शिकून घेतले. पुढे १९१२ साली भावाबरोबर त्यांनी फ्रेंच मोटारी विकण्याचा धंदा सुरू केला. इंजिनातील दट्ट्या जड लोखंडाऐवजी हलक्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला तर इंजिन अधिक वेगाने फिरेल, हे त्यांनी ओळखले आणि शर्यतींत सिद्ध करून दाखवले. पहिल्या महायुद्धात ही विद्या विमानांच्या उपयोगी पडली. त्यांनी आखलेली इंजिने ब्रिटिश लढाऊ विमानांत बसवली गेली.

युद्ध संपताच, १९१९ साली, त्यांनी स्वतःच्या नावाने मोटारींची कंपनी काढली. पहिली मोटार गिऱ्हाइकाच्या हाती पडायला १९२१ साल उजाडले. फ्रान्समधील ल माँ येथे चोवीस तासांची शर्यत होते. ती बेंटली मोटारींनी १९२४ साली जिंकली आणि नंतर १९२७ ते १९३० अशी लागोपाठ चार वर्षे जिंकली. कीर्ती दूरवर पसरली, पण तिजोरी मात्र रितीच राहिली. १९२६ पासून वुल्फ बार्नाटो या धनाढ्य शर्यतपटूच्या पैशावर कंपनी तगून होती. जगभर मंदी आली आणि १९३१ साली कंपनी बुडाली. ती रोल्स-रॉइस कंपनीने विकत घेतली.

आता खरी शोकांतिका पाहा. कंपनीबरोबर बेंटली हे नावही विकले गेले. काही वर्षे त्यांनी नव्या मालकांकडे नोकरी केली, पण मोटारी आखण्याचे काम त्यांच्या वाट्याला येईना. १९३५ साली ते लगोंडा कंपनीत गेले. तेथे त्यांनी बारा सिलिंडरांचे उत्तम इंजिन तयार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या मोटारीला आपले नाव जोडण्याचा विचार झाला, तेव्हा रोल्स-रॉइसने कायद्याचा बडगा उगारून तो बंद पाडला. म्हणजे ज्या मोटारी त्यांनी आखल्या नव्हत्या, त्या त्यांच्या नावाने विकल्या जात होत्या आणि जी मोटार त्यांनी आखली, तिच्यावर त्यांचे नाव नव्हते! यात अस्सल बेंटली कोणती म्हणावी? तरी माणूस खचला नाही. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेले सहा सिलिंडरांचे इंजिन पुढे ॲस्टन मार्टिनच्या गाड्यांत बसले. १३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काळातील मोटारी जेमतेम तीन हजार निघाल्या. त्यामुळे त्यांच्या किमती आकाशाला भिडल्या आणि खऱ्याखोट्याचा वाद पेटला. मुळात कंपनी चाके, इंजिन आणि सांगाडा एवढेच विकत असे. वरची पेटी गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडून बांधून घेई. पुढे अनेक बंद मोटारींच्या पेट्या उतरवून त्यांवर शर्यतीच्या गाडीसारखी उघडी पेटी चढवली गेली. सांगाडा जुना, रूप नवे. तिला काय म्हणायचे? काहीजण म्हणतात, ही नक्कल आहे आणि तिने एका खऱ्या गाडीचा बळी घेतला. इतरांचे म्हणणे असे की, कोपऱ्यात गंजत पडलेली गाडी यामुळे पुन्हा रस्त्यावर आली आणि जुनी कारागिरीही टिकली.

हा वाद १९९० साली लंडनच्या न्यायालयात पोहोचला. १९२९ आणि १९३० या दोन्ही वर्षी ल माँ जिंकणारी गाडी ओल्ड नंबर वन म्हणून ओळखली जाते. तिचा सौदा सुमारे एक कोटी पौंडांना ठरला होता. ही ती गाडीच नव्हे, असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली. खरोखरच, शर्यतीच्या काळात तिचे भाग सतत बदलले गेले होते. १९३२ साली तिच्यात मोठे इंजिन होते, तेव्हा ब्रुकलँड्स येथे अपघात होऊन तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. नंतर तिच्यावर वेगळीच पेटी चढली. विजयी गाडीचे मूळ लोखंड तिच्यात फारच थोडे उरले होते. तरीही न्यायाधीशांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. गाडी बदलत गेली, पण तिचा इतिहास कुठेही तुटला नाही आणि तिची जागा दुसऱ्या कोणत्याही गाडीने घेतली नाही, म्हणून ही तीच गाडी होय, असे त्यांनी ठरवले.

याच्या उलट उदाहरण अलीकडचे आहे. १९२९ च्या सुमारास टिम बर्किन या शर्यतपटूने बेंटलीला इंजिनात जोराने हवा कोंबणारे यंत्र बसवून घेतले. वॉल्टर ओवेन यांना ते मुळीच पसंत नव्हते. त्या गाडीला ल माँ कधीच जिंकता आली नाही. परंतु २०१९ साली आजच्या बेंटली कंपनीने नेमक्या त्याच गाडीच्या बारा नव्या प्रती काढण्याचे जाहीर केले. जुनी गाडी उलगडून तिचा प्रत्येक भाग मोजला आणि त्या मापाबरहुकूम नव्या गाड्या बनवल्या. कारागिरी अव्वल, नाव कायदेशीर, मापही अचूक. तरी त्या गाड्यांनी १९३० ची धूळ खाल्लेली नाही.

माझ्या मते नक्कल करणे हे पाप नव्हे. वर्गात मुले चांगला नकाशा पाहूनच नकाशा काढायला शिकतात. आज प्रामाणिकपणे नक्कल म्हणून विकलेली गाडी पुढे तिसऱ्याचौथ्या हातात गेली आणि कोणी जुना क्रमांक ठोकून तिला अस्सल ठरवले, की तेथे फसवणूक सुरू होते. म्हणून गाडीत काय बदलले, केव्हा बदलले आणि कोणी बदलले, हे लिहून ठेवणारा मालक हाच तिचा खरा राखणदार.

आपल्या ढोलकीचेही तसेच आहे. तिचे कातडे कोणी मढवले आणि खोड केव्हा बदलले, हे घरातील वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल. ते आहेत तोवर विचारून घ्या आणि मुलांना लिहून ठेवायला सांगा.